भावोजींच्या डोक्यावरची लव

संत निकोलाला मासळीच्या ओट्यावर टेकवून लघवीला पळालेला माणूस आमच्या बेटावर आजवर एकच झाला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. प्रोश्पेर त्यांचं नाव. भावोजींबद्दल वाईटसाईट बोलायचा हक्क मेहुणीइतका दुसऱ्या कुणाला नसतो, म्हणून हे मीच सांगते.

भावोजी आधी तारल्या धरणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायचे, पुढे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराला जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटीवर लागले. मी आणि माझी बहीण येर्का तारल्या डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला होतो. संध्याकाळी आम्ही अंगाला मासळीचा वास घेऊन बाहेर पडायचो, तेव्हा हे गृहस्थ धक्क्यावर लोकरीची टोपी घालून उभे असायचे. भर जुलैत लोकरीची टोपी! येर्काला वाटलं, काय रुबाब आहे माणसाचा. अख्खा उन्हाळा तिचं त्या टोपीशीच प्रेम चाललं होतं. मग एका रविवारी दोघं चर्चमध्ये शेजारी बसली आणि टोपी काढावी लागली. वय जेमतेम पंचवीस, आणि डोकं असं की चर्चच्या मेणबत्त्या त्यात मोजून घ्याव्यात. येर्का भर प्रार्थनेत खो खो हसली. बाहेर आल्यावर त्यांनी तोंड पाडून विचारलं, "मग आता काय?"

ती म्हणाली, "मला वाटलं टोपीखाली काहीतरी लपवलंयस. काहीच निघालं नाही. म्हणजे माणूस सरळ आहेस."

त्याच हिवाळ्यात लग्न झालं. गावानं भावोजींचं नाव 'दीपगृह' ठेवलं. टोपी त्यांनी टाकून दिली ती कायमची, आणि पुढची चाळीस वर्षं ते डोकं ऊन, वारा आणि खारं पाणी खात तांब्याच्या हंड्यासारखं तकतकीत झालं. केसांचं दुःख त्यांनी कधी केलं नाही. करायला वेळच नव्हता. मुलगी वाढवायची होती, होडी रंगवायची होती, आणि जिवलग मित्र लोव्रेशी रोज भांडायचं होतं.

पेन्शन सुरू झाली आणि वेगळीच गडबड सुरू झाली. भावोजी होडीच्या खोपटामागे जायचे ते परत येईचनात. मी माझ्या खिडकीतून बघायची: भिंतीकडे तोंड करून उभे, एक हात भिंतीवर, मान खाली, जणू पोलिसांनी झडती घ्यायला उभं केलंय. जन्मभर इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. कुठला पाइप का तुंबला हे त्यांना आवाजावरून कळायचं. पण स्वतःच्या पाइपाचा विषय काढला की म्हणायचे, "सगळं चालू आहे."

"चालू आहे म्हणजे? अर्धा तास झाला, तुम्ही मागच्या मागे पळून गेलात की काय असं वाटलं," मी म्हणायची.

"दोब्रिला, तुझ्या घराला दुसऱ्या बाजूला खिडक्या नाहीत का?"

मग डिसेंबरात संत निकोलाचा सण आला. संत निकोला म्हणजे दर्यावर्दी लोकांचा रखवालदार, आणि त्याचा लाकडी पुतळा खांद्यावरून मिरवायचा मान जुन्या खलाशांचा. पुढचा डावा कोपरा भावोजींचा, उजवा लोव्रेचा. भावोजींना सर्दी झाली होती. त्यांनी सकाळी सर्दीची गोळी घेतली, वर गरम वाइन घेतली, आणि थंडीत दोन तास उभे राहिले. सर्दीच्या असल्या गोळ्या प्रोस्टेट वाढलेल्या माणसाचा उरलासुरला रस्ताही बंद करतात, हे आम्हाला नंतर कळलं. मिरवणूक मासळीबाजारापाशी आली तेव्हा भावोजींचा चेहरा पुतळ्यापेक्षा लाकडी झाला होता.

"लोव्रे, थांब," ते म्हणाले.

"आता कसला थांबतोस? मागं बँड आहे."

"थांब म्हणतोय ना! फुटेन मी."

आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी आपला कोपरा खाली घेतला. बाकीच्या तिघांना दुसरा उपायच उरला नाही. संत निकोला आशीर्वादाचा हात वर करून मासळीच्या संगमरवरी ओट्यावर, कालच्या खवल्यांत बसला. बँड थांबला. भावोजी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी पोट धरून दवाखान्याच्या दिशेनं निघाले. मागून धर्मगुरू ओरडले, "प्रोश्पेर, निदान क्रूसाची खूण तरी कर!" भावोजी म्हणाले, "हात रिकामे नाहीत, फादर."

दवाखान्यात तेव्हा झोराना नावाची नवी डॉक्टर होती. आतल्या सपाट मुलखातली, माझ्या भाचीच्या वयाची; समुद्र बघितला की तिला मळमळायचं. पण वडीलधाऱ्याला बेटावर सगळे म्हणतात तसं 'बार्बा' म्हणायला मात्र ती पहिल्या आठवड्यातच शिकली होती.

"कधीपासून त्रास आहे, बार्बा प्रोश्पेर?"

"त्रास कसला? आजच जरा..."

"चार वर्षं," येर्का दारातून म्हणाली.

डॉक्टरनं नळी घातली. पिशवी भरली, बदलली, तीही भरत आली. ती पोरगी पिशवीकडे बघत म्हणाली, "हे तुमच्या एकट्याचं आहे की सगळ्या मिरवणुकीचं?" भावोजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नंतर ते मला म्हणाले होते की मुलगी जन्मली त्या दिवशीसुद्धा इतका आनंद झाला नव्हता, पण हे येर्काला सांगू नकोस. मी त्याच दिवशी सांगितलं.

स्प्लिटला तपासण्या झाल्या. कर्करोग नव्हता, नुसती प्रोस्टेटची ग्रंथी संत्र्याएवढी फुगली होती. नळी निघाली आणि झोरानाबाईंनी दोन गोळ्या सुरू केल्या. एक रस्ता सैल करणारी, लगेच गुण देणारी. दुसरी फिनास्टेराइड, हळूहळू, महिनोन्‌महिने घेऊन ग्रंथी आक्रसवणारी. डॉक्टरनं नीट समजावलं. घरी नात होणार होती, म्हणजे मुलगी गरोदर होती. तर फुटलेल्या गोळीला तिनं हात लावायचा नाही, पोटातल्या बाळाला ते बरं नाही. इच्छा थोडी मंदावू शकते, तसं झालं तर लाजायचं नाही, सांगायचं. आणि रक्तात प्रोस्टेटचा जो आकडा बघतात तो या गोळीमुळे निम्मा दिसतो, म्हणून तुमचा आकडा मी दुप्पट धरणार. भावोजींनी सगळ्याला मान डोलावली. इंजिनाची माहितीपुस्तिका ऐकावी तसं ऐकलं. केसांबद्दल डॉक्टर एक वाक्य बोलली असेल. ते कुणी लक्षातच घेतलं नाही.

पुढच्या सप्टेंबरात येर्का त्यांच्या डोक्याला उन्हाचं मलम लावत होती. एकदम थांबली. मला हाक मारली, "दोब्रिला, इकडे ये. हे बुरशी आहे का बघ."

मी चष्मा लावून बघितलं. टाळूवर मधोमध बारीक, राखाडी लव आली होती. पिकलेल्या पीचवर असते तशी. बोट फिरवलं तर मऊ लागली.

"केस आहेत," मी म्हणाले.

"कुणाचे?" भावोजींनी विचारलं.

दवाखान्यात नेऊन दाखवलं तेव्हा डॉक्टर हसली. ग्रंथीला फुगवणारं जे द्रव्य शरीरात बनतं, तेच टाळूवरच्या मुळांना मारतं. गोळी ते बनू देत नाही. काही जणांना खाली गुण येतो आणि वर बक्षीस मिळतं. "पण फार आशा धरू नका, बार्बा. या वयात लव येते, जंगल येत नाही."

आता भावोजींना जंगल नकोच होतं. पण माणूस बिघडायला लव पुरते. ज्यांनी चाळीस वर्षं आरशात फक्त दाढीपुरतं बघितलं, ते कंगवा विकत घेऊन आले. धक्क्यावर फिरताना टाळू वाऱ्याकडे करून चालायला लागले, म्हणजे हलतंय की नाही ते कळावं. कॉफी पिताना लोकांसमोर मान पुढे झुकवायचे. दीपगृहावर गवत उगवलं ही बातमी दुपारच्या बोटीनं शेजारच्या बेटावरही पोचली.

त्या आठवड्यात दवाखान्यात जी रांग लागली ती बघायला मी मुद्दाम गुडघा दुखतो म्हणून गेले. गावातले झाडून सगळे टकले बाकावर बसलेले. सगळ्यांना एकाएकी लघवीचा त्रास. कुणी पोट धरलेलं, कुणी नुसताच कण्हतोय. नुसते केस हवेत म्हटलं तर औषध पदरचे पैसे मोजून घ्यावं लागतं, आणि प्रोस्टेटचं म्हटलं तर विमा देतो, एवढं ज्ञान कॉफीच्या टेबलावर सगळ्यांना झालं होतं. धर्मगुरूसुद्धा कोपऱ्यात बसले होते. म्हणे आजाऱ्यांना धीर द्यायला आलोय.

झोरानाबाई दारात आल्या, डोक्यांकडे एक नजर टाकली आणि हातमोजा चढवत म्हणाल्या, "प्रोस्टेट बोटानं तपासावं लागतं. मागून. एकेकानं आत या, पँट खाली करून कुशीवर निजा."

बाक असा रिकामा झाला की मी एकटीच उरले. सर्वांत पहिले धीर द्यायला आलेले उठले.

पळालेल्यांत लोव्रे होता. लोव्रे म्हणजे फेरीबोटीवर तिकिटं तपासणारा, सहा फुटी, विधुर, आवाज पिंपातून आल्यासारखा. डोक्यावर उजव्या कानापासून डाव्या कानापर्यंत तीन-चार लांब केस ताणून चिकटवलेले. उत्तरेचा वारा सुटला की ते सुटून उभे राहायचे आणि लोव्रे डोक्यावर हात ठेवून धावायचा. त्याचं बेकरीवाल्या फुमित्साशी जमत आलं होतं. फुमित्साही विधवा, पंचावन्नची, दंडात पिठाचं पोतं उचलायची ताकद.

"तू बोट घालून घ्यायचंस ना मग," भावोजी त्याला म्हणाले.

"प्रोश्पेर, माझ्या त्या दारानं आजवर कुणी आत आलेलं नाही, आणि येणारही नाही. तू आपल्या गोळीतला तुकडा दे. मित्र आहेस की कोण?"

हे मला कसं कळलं, तर भाची बाळंत झाली तरी येर्कानं गोळ्यांवरची स्वयंपाकघरातली बंदी उठवली नव्हती. एक दिवस मी होडीच्या खोपटात दोर मागायला गेले, तर भावोजी मासे साफ करायच्या सुरीनं गोळीचे तुकडे करत बसलेले.

"हे काय?"

"पाव भाग लोव्रेचा. कुणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू?" मी म्हणाले, आणि खरंच सांगितलं नाही. गंमत जास्त दिवस टिकावी असं वाटलं.

गंमत टिकली. लोव्रेचंही टाळकं वर्षभरात धुरकट दिसायला लागलं. आता याचं श्रेय कुणाला द्यायचं? तर पठ्ठ्यानं फुमित्साला सांगितलं की ही आपल्या आजीच्या रोझमेरी तेलाची करामत. ती भाबडी खूश झाली. बेकरीच्या काउंटरवर पावांच्या शेजारी लोव्रेच्या तेलाच्या बाटल्या लागल्या. उन्हाळ्यात जर्मन पाहुणे त्या घेऊन जायचे. भावोजी तिथून जाताना तोंड दाबून हसायचे, लोव्रे त्यांना डोळे वटारायचा.

आमच्या घरात मात्र वेगळं चाललं होतं. येर्का आणि मी अंगणात तारल्या मिठात लावत होतो. ती हळूच म्हणाली, "वर पीक डुलतंय आणि खाली दुष्काळ पडलाय गं."

"काय सांगतेस!"

"आधी मला वाटलं वय झालं. पण हा माणूस संत्र्याएवढी ग्रंथी घेऊनसुद्धा कधी थंड नव्हता. आता कंगवा घेऊन झोपतो."

"डॉक्टरनं सांगितलं होतं ना, लाजायचं नाही म्हणून?"

"तो सांगेल? संताला ओट्यावर टाकेल, पण हे सांगणार नाही." ती हसली, पण मीठ जरा जास्तच जोरात चोळत होती.

मग तो रविवार. फुमित्सानं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. अंगणात अंजिराखाली टेबल, माशाचा रस्सा, तिच्या हातचा पाव. लग्नाची तारीख सांगायची होती. लोव्रेनं पेला उचलला आणि म्हणाला, "आणि माणूसही ठणठणीत मिळतोय तुम्हाला, बाई. दवाखान्यात साठीवरच्यांचं रक्त तपासलं ना? आमचा प्रोस्टेटचा आकडा साडेतीन! चारच्या आत म्हणजे काळजी नाही, म्हणाली डॉक्टर."

सगळ्यांनी पेले वर केले. भावोजींचा हात रश्श्याच्या ताटलीवरच थांबला. पाव बुडवलेला होता, तो सुटून रश्श्यात पडला. त्यांनी तो काढलाही नाही.

जेवण झाल्यावर मी ताटल्या आत नेत होते. अंजिराच्या बुंध्यामागे दोघं उभे होते.

"लोव्रे, डॉक्टरनं विचारलं नाही, काही औषध घेतोस का म्हणून?"

"विचारलं. नाही म्हणालो."

"अरे, त्या गोळीनं आकडा निम्मा दिसतो. तुझा साडेतीन नाही. सात आहे."

"सात तर सात."

"सात म्हणजे आत काहीतरी असू शकतं! जाऊन सांग तिला."

"आणि तेलाचं काय सांगू? फुमित्साला काय सांगू, की चोरून दुसऱ्याच्या प्रोस्टेटची गोळी खातो? लग्नाआधी? तू तोंड उघडलंस तर बघ, प्रोश्पेर. तुझं माझं संपलं."

भावोजी त्या दिवशी घरी आले ते कंगव्याला शिवले नाहीत. येर्कानं विचारलं तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तो मेला तर भांडणार कुणाशी?"

सोमवारी भावोजी दवाखान्यात गेले. येर्का बरोबर गेली, आणि माझा गुडघा पुन्हा दुखायला लागला. डॉक्टरचा आवाज बाहेर बाकापर्यंत येत होता. "औषध काय खारट बदाम आहे, वाटून खायला? आणि मला खोटा आकडा वाचायला लावलात!" तिनं लोव्रेला फोन करून बोलावलं. डॉक्टरचा फोन म्हटल्यावर फुमित्साही घाबरून, हाताला पीठ तसंच घेऊन धावत आली.

"तुम्ही फिनास्टेराइड घेता का?" डॉक्टरनं त्याला सगळ्यांसमोरच विचारलं. दार लावायचं तिला सुचलंच नाही.

"मी? छे!"

"घेतो," भावोजी म्हणाले. "मीच देतो. खोटं बोलतोय तो."

लोव्रेनं त्यांच्याकडे असं बघितलं की मी माझा गुडघा विसरले. मग फुमित्सा म्हणाली, "म्हणजे ते तेल?"

लोव्रेचा हात आपोआप टाळूवर गेला.

"मी माझ्या भावाला डोक्यावर दीड बाटली चोळायला लावली. त्याला पुरळ उठलं, उशी खराब झाली, केस एक नाही. तरी मी त्यालाच म्हणाले, तू नीट चोळत नाहीस." तिनं एप्रनला हात पुसले. "त्याचं आपण नंतर बघू. डॉक्टरबाई, आधी याला आत घ्या आणि काय ते बोट घाला. मी धरून ठेवते."

त्या दारानं अखेर डॉक्टर आत गेली. एका बाजूला कठीण गाठ लागली. स्प्लिटला तुकडा तपासला, कर्करोग निघाला. लहान होता, ग्रंथीच्या आतच होता. अजून दोन-तीन वर्षं साडेतीनच्या आनंदात काढली असती तर बाहेर पडला असता, असं तिथले सर्जन म्हणाले. ऑपरेशन करून सगळी ग्रंथी काढली. फुमित्सा रोज पहिल्या बोटीनं पाव घेऊन जायची, आणि पाव देता देता त्याला तेलाबद्दल शिव्याही द्यायची. त्याच्या त्या तीन-चार लांब वायरी तिनं इस्पितळाच्या खाटेवरच कात्रीनं उडवल्या. लग्न उशिरा, पण झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं.

कारण लोव्रे भावोजींशी बोलेचना. भेटेल त्याला सांगायचा, "चुगलखोर आहे. मित्राची पँट भर बाजारात उतरवली." जीव वाचला ते डॉक्टरमुळे, फुमित्सामुळे, संत निकोलामुळे, भावोजींचं नाव त्यात नाही. भावोजी संध्याकाळी होडी रंगवायला जायचे, जिला रंगाची गरज नव्हती.

इकडे येर्कानं त्याच सोमवारी डॉक्टरच्या खोलीत, नवऱ्याच्या देखत, दुष्काळाचं सांगून टाकलं होतं. भावोजी छताकडे बघत बसले म्हणे. डॉक्टर म्हणाली, मग आयुष्यभर गोळ्या कशाला, आतून कोरून रस्ता मोठा करून घ्या. वसंतात तेही ऑपरेशन झालं. गोळी बंद. ख्रिसमसपर्यंत लव गळाली, उशीवर, चहाच्या कपात, नातीच्या मुठीत. शेवटची उरलीसुरली येर्कानं वस्तऱ्यानं काढली. त्यांना वाईट वाटलं का, मी विचारलं. म्हणाले, "दोब्रिला, दोन वर्षं वारा आला की आधी केसांचा विचार यायचा. मग समुद्राचा." दुष्काळाचं काय झालं ते मी येर्काला विचारलं, तर तिनं ओल्या हाताची चापट मारली आणि कानापर्यंत लाल झाली. मी समजायचं ते समजले.

लोव्रे पुढच्या उन्हाळ्यात प्रथमच चर्चमागच्या मातीच्या पट्टीवर आला, जिथे आमचे म्हातारे रोज लोखंडी गोळे फेकून खेळतात. ऑपरेशननंतर त्याला अधूनमधून गळायचं, म्हणून इतके दिवस घरात बसला होता. फुमित्सानं पँटच्या आत जाड पट्टी लावून, ढकलतच आणला. तो लांबच्या टोकाला बाकावर बसला. भावोजी खेळत होते. त्यांनी गोळा फेकला. नेम धरायच्या लहान गोळ्यापाशी दोन गोळे जवळजवळ सारखे थांबले, आणि नेहमीचा वाद पेटला. भावोजी गुडघ्यावर बसून फांदीनं माप घ्यायला लागले.

"फांदी वाकडी धरलीय त्यानं," बाकावरून पिंपातला आवाज आला.

भावोजींनी वर बघितलं नाही. "दिसतं का तिथून तुला?"

"जन्मभर वाकडीच धरलीस. उठ."

लोव्रे सावकाश चालत आला, कंबर धरून शेजारी बसला आणि हातातून फांदी हिसकावून घेतली. त्याच्या मते भावोजींचा गोळा दोन बोटं लांब होता. भावोजींच्या मते तो आंधळा होता. एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला नाही. येर्का जेवायला हाक मारून मारून थकली आणि शेवटी दोघांच्या ताटल्या तिथेच घेऊन गेली.